गिऱ्हाइकांची यादी कोणाच्या ताब्यात?

गेल्या महिन्यात परभणीहून जिंतूरकडे जाताना झरीला थांबण्याचा योग आला. रस्त्यालगत आमच्या एका स्नेह्यांचे गादी-रजईचे आणि कापडाचे दुकान आहे. धंदा तिसऱ्या पिढीत आहे. भिंतीवर जुने पिंजण टांगलेले असते, काम मात्र आता यंत्रावर चालते. कापूस सेलू-मानवतच्या बाजूने येतो, कापड मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीहून. वसतिगृहे, दवाखाने, मंगल कार्यालये यांच्या ऑर्डरी मेलवर येतात, कापडवाल्यांची बिले मेलवर येतात, जीएसटीचे कागदही मेलवरच. सांगायचे इतकेच की दुकान खेड्यातले असले तरी कारोबार खेड्यापुरता नाही.

आम्ही गेलो तेव्हा दुकानात नवे कॉम्प्युटर येऊन पडले होते आणि घरात सुतक असावे अशी शांतता होती. जुन्या यंत्रावर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा आधार थांबवला, आणि ते यंत्र विंडोज ११ घेईना, म्हणून नवे आणले. पुतण्याने जुन्या मेल प्रोग्राममधून पार्ट्यांचे पत्ते एक्स्पोर्ट केले. एक्स्पोर्ट म्हणजे यादी एका फाईलमध्ये काढून घेणे, जेणेकरून ती दुसऱ्या यंत्रावर चढवता येईल. फाईल निघाली. उघडली तर आत अकरा नावे!

"चाचा, फाईल तर निघाली, पण हिच्यात माणसंच नाहीत," असे तो आमच्या स्नेह्यांना सांगत होता, आणि ते नुसते मान हलवत होते. पंधरा वर्षांचा व्यवहार, तीनशेच्या वर पार्ट्या, आणि हाती आली अकरा नावे.

यापेक्षा गंभीर गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. जुने यंत्र बंद केल्यापासून नव्या यंत्रावर पत्ते नव्हते. तेवढ्यात एका कापडवाल्याच्या नावाने मेल आला की आमचे बँकेचे खाते बदलले आहे, यापुढे पैसे या नव्या खात्यात भरावेत. जुन्या यंत्रावर नाव टाईप करताच खरा पत्ता आपोआप समोर येत असे. येथे तुलनेला काहीच नव्हते. आलेल्या मेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होते, ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पैसे भरायचे ठरलेही होते. सुदैवाने स्नेह्यांनी सवयीने मालेगावला फोन केला, "खाते का बदलले?" पलीकडचा माणूस चाट पडला, कारण त्याने खाते बदललेलेच नव्हते. व्यापारी बंधूंनी हे लक्षात ठेवावे की अशी फसवणूक आता नेहमीची झाली आहे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर होतो तितके पैसे हातातून निसटतात. पण आधी ज्याच्याकडे आपल्या पार्ट्यांचे खरे पत्ते जपून ठेवलेले आहेत, तोच खोटा पत्ता ओळखू शकतो. म्हणून पत्त्यांची यादी ही आमच्या मते गल्ल्याइतकीच जपायची चीज आहे.

आता ती अकरा नावांची गोष्ट. आम्ही दुपारभर त्या पुतण्याजवळ बसलो. प्रोग्राम कोणता होता, हे येथे गौण आहे. चूक प्रोग्रामपेक्षा समजुतीची होती, आणि आमची खात्री आहे की शंभरातल्या नव्वद दुकानांत हीच समजूत असेल.

मेल लिहिताना आपण दोन अक्षरे टाईप करतो आणि पूर्ण पत्ता खाली येऊन उभा राहतो. आपल्याला वाटते, पत्ता सेव्ह आहे. तो सेव्ह नसतो! प्रोग्रामने पूर्वी कोणाला मेल पाठवला हे नुसते ध्यानात ठेवलेले असते. आऊटलूकमध्ये ही आठवणीची यादी वेगळी आणि कॉन्टॅक्ट्सची यादी वेगळी. एक्स्पोर्ट होते ती दुसरी. झरीच्या दुकानात अकरा जणांचे पत्ते कोणीतरी कधीकाळी रीतसर नोंदवले होते, बाकी सगळा कारोबार आठवणीवर चालला होता. थंडरबर्ड वापरणाऱ्यांचे नशीब थोडे बरे, कारण तो प्रोग्राम पाठवलेल्या मेलचे पत्ते एका वेगळ्या वहीत गोळा करत जातो. मात्र तेथेही एक्स्पोर्ट करताना कोणती वही निवडली ते पाहावे लागते. मुख्य वही निवडली तर गोळा झालेले पत्ते मागे राहतात. गुगलच्या मेलमध्येही तसेच: ज्यांना मेल पाठवला ते 'अदर कॉन्टॅक्ट्स' या वेगळ्या कप्प्यात पडतात, आणि तो कप्पा वेगळा काढावा लागतो.

फाईल रिकामी निघण्याचे आणखी एक कारण आम्ही परभणीत एका ठिकाणी पाहिले आहे. एकाच प्रोग्राममध्ये दोन मेल खाती असतात, दोघांखाली 'कॉन्टॅक्ट्स' नावाचा कप्पा असतो, आणि माणूस घाईत रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवतो. फाईल बिनतक्रार तयार होते. ना चूक दाखवते, ना विचारते. म्हणून एक्स्पोर्ट झाल्याबरोबर जुने यंत्र विकू नये. आधी फाईल उघडून ओळी मोजाव्यात आणि मगच भंगारवाल्याला हाक मारावी.

आठवणीतले पत्ते मिळवायचे कसे? उपाय साधा आहे, पण कोणी सांगत नाही. पत्त्यांऐवजी पाठवलेल्या मेलचा कप्पा एक्स्पोर्ट करावा. जुन्या आऊटलूकमध्ये हे करता येते; फाईलमध्ये प्रत्येक मेल कोणाला गेला त्याचे नाव आणि पत्ता स्वतंत्र रकान्यांत येतात. बाकीचे रकाने पुसून टाकावेत आणि एक्सेलला एकसारख्या ओळी काढून टाकायला सांगावे. झरीत असेच केले. हजारो ओळी आल्या, गाळून तीनशे सेहेचाळीस पत्ते उरले. पुतण्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

तो फार वेळ टिकला नाही. कारण त्यानंतर अक्षरांचा घोळ निघाला. स्नेह्यांनी बऱ्याच पार्ट्यांची नावे मराठीत लिहिली होती, काही उर्दूत. यात गैर काहीच नाही. ज्या भाषेत माणसाला हाक मारतो त्या भाषेत त्याचे नाव लिहावे, असेच आमचे मत आहे. पण फाईलमध्ये त्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उभी होती, ओळीने पाच-सहा. काही ठिकाणी प्रश्नचिन्हे नव्हती, तर डोक्यावर कानामात्रा दिल्यासारखी विचित्र रोमन अक्षरे होती.

या दोन घोळांतला फरक प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा, कारण एकाला इलाज आहे आणि दुसऱ्याला नाही. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षरासाठी एक आकडा लिहितो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचे जुने संकेत निरनिराळे होते. सगळ्या जगाच्या लिपींसाठी मिळून एक संकेत केला गेला तो युनिकोड. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. तो फाईलमध्ये लिहिण्याची आजची सर्रास रीत म्हणजे यूटीएफ-८. जुन्या आऊटलूकचा सीएसव्ही एक्स्पोर्ट मात्र विंडोजच्या जुन्या संकेतात लिहितो. इंग्रजी विंडोजच्या त्या संकेतात देवनागरीला जागाच नाही, उर्दूलाही नाही. जागा नसली की प्रोग्राम तेथे प्रश्नचिन्ह लिहून पुढे जातो. म्हणजे फाईलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेले. मूळ नाव त्या फाईलमध्ये उरलेच नाही. अशी फाईल कोणाकडेही नेली, कितीही पैसे दिले, तरी त्यातून नाव परत येणार नाही. पुन्हा जुन्या यंत्राकडेच जावे लागते.

विचित्र रोमन अक्षरांचे तसे नाही. तेथे नाव फाईलमध्ये शाबूत असते, फक्त वाचणारा प्रोग्राम चुकीचा चष्मा लावून वाचत असतो. एक्सेलमध्ये फाईलवर दोनदा टिचकी मारून उघडू नये. आधी कोरे पान उघडावे, मग 'डेटा' या भागातून ती फाईल आत आणावी आणि विचारल्यावर यूटीएफ-८ निवडावे. नावे जशीच्या तशी उभी राहतात. थंडरबर्डमध्ये सीएसव्ही काढताना दोन प्रकार विचारले जातात, एक संगणकाच्या जुन्या संकेतातला आणि दुसरा यूटीएफ-८ चा. दुसराच घ्यावा. आऊटलूकवाल्यांनी, पत्ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेले असतील तर, त्या खात्याच्या वेबवरच्या पानावरून यादी काढावी. प्रश्नचिन्हांचा प्रश्न तेथे सहसा येत नाही.

येथे थोडे विषयांतर. ज्यांनी मराठी नावे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये किंवा उर्दू नावे जुन्या इनपेजमध्ये टाईप करून ठेवली आहेत, त्यांची अडचण याहून निराळी आहे. त्या काळी पडद्यावर मराठी दिसत असे, पण आत आकडे रोमन अक्षरांचेच असत. फाँट गेला की मराठीही गेली. त्यासाठी फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात आणि काम बऱ्यापैकी होते, तरी जोडाक्षरे तपासावी लागतात.

आमच्या स्नेह्यांनी हे सारे ऐकले आणि आतून एक वही आणली. त्यांच्या आजोबांची, निजामाच्या अमदानीतली. परभणी जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता, सरकारदरबारची भाषा उर्दू होती, आणि आजोबांनी सगळा हिसाब उर्दूत, घसटत्या शिकस्ता हाताने लिहिलेला. कागद उत्तम, शाई काळीभोर. पण स्नेही मराठी शाळेत शिकले, पुतण्या इंग्रजीत. घरात ती वही वाचणारे कोणी उरलेले नाही. "ही पण प्रश्नचिन्हंच आहेत आमच्यासाठी," ते म्हणाले. आम्ही यावर काही बोललो नाही.

फोन नंबरांचे हाल एक्सेल करते, तेही सांगितले पाहिजे. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये सरळ उघडली की एक्सेल नंबराला रक्कम समजते. परभणीचा एसटीडी कोड ०२४५२. पुढचे शून्य गळून पडते. मोबाईलच्या आधी ९१ लावलेले असेल तर बारा आकडे होतात, आणि एक्सेल ते आखडून दशांशात दाखवते. एवढ्यावर बिघडत नाही. पण बंद करताना 'सेव्ह करू का?' असे विचारले जाते, आपण सवयीने 'हो' म्हणतो, आणि दिसते तेच फाईलमध्ये कायम होते. शेवटचे आकडे जाऊन त्या जागी शून्ये येतात. एकाच वेळी शेकडो पार्ट्यांचे नंबर नासतात, आणि ते कळते दोन महिन्यांनी, दिवाळीच्या किंवा ईदच्या सीझनला फोन लावताना. म्हणून नंबराचा रकाना आत आणतानाच 'टेक्स्ट' ठरवावा, आणि मूळ फाईलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवावी.

गटांचेही असेच. झरीच्या दुकानात 'मालेगाव पार्टी' नावाचा एक गट केलेला होता, भाव विचारायचा तर एका मेलमध्ये सगळ्यांना जाई. सीएसव्हीमध्ये असे गट येत नाहीत, ते नव्याने बांधावे लागतात. फोनमधून व्हीकार्ड फाईल काढून आऊटलूकवर चढवणाऱ्यांना दुसरा धक्का बसतो: एका फाईलमध्ये तीनशे कार्डे असली तरी जुना आऊटलूक पहिले कार्ड घेतो आणि काम झाले असे समजतो. अशा वेळी ती फाईल आधी गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये चढवून तेथून आऊटलूकसाठीचा सीएसव्ही काढावा.

इथवर यंत्राची बाजू झाली. आता माणसांची.

आमच्या बाजारपेठांत एक पद्धत पडली आहे. शेठ कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. एक मुलगा ठेवलेला असतो, भाचा, पुतण्या किंवा पगारी. मेलचे खाते त्याने त्याच्या फोन नंबरवर उघडलेले, पासवर्ड त्याला ठाऊक, यादी त्याच्या हाती. मुलगा पुण्याला नोकरीला जातो किंवा आखातात, आणि दुकानाचा पासवर्ड त्याच्याबरोबर विमानात बसतो. मग शेठ त्या मुलाच्या नावाने बोटे मोडतात. आम्हाला हे पटत नाही. गल्ल्याची किल्ली कोणी नोकराच्या खिशात कायमची सोडत नाही. मग गिऱ्हाइकांची यादी का सोडावी? मुलाचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते की ही यादी दुकानाची अमानत आहे. मेल खात्याला जोडलेला फोन नंबर मालकाचा असला पाहिजे, आणि वर्षातून एकदा माल मोजतो त्या दिवशी यादीही एक्स्पोर्ट करून मालकाच्या घरी गेली पाहिजे. यात खर्च काही नाही, आळस आडवा येतो एवढेच.

यावर काही मंडळी म्हणतील, मेल आता कोण बघतो, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. भाव विचारायला व्हॉट्सअ‍ॅप सोयीचे, हे खरे. पण टेंडरची नोटीस, दवाखान्याची ऑर्डर, मालात खोट निघाल्याची लेखी तक्रार, हे कागद आजही मेलवर फिरतात, आणि वाद झाला तर तारखेसह तेच समोर ठेवावे लागतात. शिवाय फोनमधली यादी तरी तुमच्या ताब्यात आहे का? झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी लोकांच्या फोनमधले पत्ते उचलून नातेवाइकांना आणि गिऱ्हाइकांना फोन करून बदनामी केल्याचे प्रकार इतके झाले, की रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये अशा अ‍ॅपनी फोनमधल्या पत्त्यांना हात लावू नये असे नियम काढावे लागले. तरी अनोळखी अ‍ॅप परवानगी मागते आणि आपण 'अलाऊ' दाबतो.

त्याच कारणाने एक्स्पोर्ट केलेली फाईलही वाटेल तेथे ठेवू नये. सीएसव्ही ही उघडी फाईल असते, तिला कुलूप नसते. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेन ड्राईव्ह दिला आणि फाईल तेथेच राहिली, तर तुमच्या पार्ट्या उद्या शेजारच्या दुकानदाराकडेही असतील.

प्रोग्राम बनवणाऱ्या कंपन्यांबद्दलही आमची तक्रार आहेच. प्रोग्राम येतात आणि जातात. एके काळी घरोघरी असलेला आऊटलूक एक्स्प्रेस विंडोज एक्सपीबरोबर संपला. त्याची पत्त्यांची फाईल आजचे बहुतेक प्रोग्राम सरळ उघडत नाहीत, म्हणून जुने यंत्र चालू आहे तोवर त्यावरच ती उघडून सीएसव्ही काढून घेणे शहाणपणाचे. विंडोज १० सोबत आलेला साधा मेल प्रोग्राम आणि त्याची पत्त्यांची वही, यांचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी थांबला. सूचना इंग्रजीत पडद्यावर येते, मुलगा ती बंद करतो, शेठपर्यंत काही पोचत नाही. यादी बाहेर काढण्याचे बटण तीन-तीन दारांच्या आत लपवलेले असते, आत आणण्याचे मात्र पहिल्याच पानावर. यात डाव आहे असे आम्ही म्हणत नाही. पण गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची कला काही फक्त आपल्यालाच येते असे नाही!

झरीत संध्याकाळपर्यंत काम चालले. ज्यांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे होती त्यांची नावे जुन्या यंत्रावर एकेक उघडून पाहायचे ठरले, पण मध्येच त्या यंत्राने दगा दिला; ते चालूच होईना. उरलेली नावे लावायला मग स्नेह्यांचे वडील पुढे आले. वय ऐंशीच्या घरात, कॉम्प्युटरला कधी हात नाही. पुतण्या पत्ता वाचून दाखवी, गाव सांगे, शेवटचा माल कोणता गेला ते सांगे, आणि ते डोळे मिटून नाव सांगत. "भिवंडी, पांढरी मांजरपाट? तो थोरला नव्हे, धाकटा भाऊ. थोरला वारला." पुतण्या लिहीत गेला. सव्वीसपैकी पंचवीस नावे लागली.

एक राहिले. पत्ता आहे, २०१४ साली रजया गेल्याची नोंद आहे, नाव नाही. म्हाताऱ्यांनी बराच वेळ विचार केला. पुतण्याने ती ओळ पुसायला घेतली तेव्हा त्यांनी हात धरला. शेवटी त्या ओळीसमोर 'विचारणे' एवढेच लिहून फाईल सेव्ह केली, एक प्रत घरी आणि एक दुकानात.